वाळ्याच्या वासाखालचं डांबर

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी टाकी आहे, आणि मी रागावलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार गोड बोलतात, शेवटी सगळ्यांना माफही करतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मी सूड घेतला आहे, आणि तो कसा घेतला हेच मला सांगायचं आहे.

अहमदपूरहून नांदेडकडे जाताना रस्त्यालगत एक शाळा लागते. तिच्या आवारात चार खांबांवर मी उभी आहे. माझा जन्म नांदेडच्या एका कारखान्यातला. तिथे जाड पत्रे वाकवले, ठिणग्या उडवत एकमेकांना जोडले आणि मला पोट आलं. पण नुसतं पोट असून भागत नाही. पाणी लोखंडाला हळूहळू खातं. म्हणून आतून अस्तर चढवावं लागतं, म्हणजे पत्र्याला चिकटून बसणारा खास रंगाचा थर.

माझं पहिलं अस्तर महेबूबनं चढवलं. टाक्यांना अस्तर लावणं हाच त्याचा धंदा होता. आधी त्यानं वाळूचा मारा करून माझा पत्रा चांदीसारखा उजळ केला, मग पिण्याच्या पाण्यासाठी मिळतो तोच रंग आणला. काम करताना तो माझ्याशी बोलायचा. "हे बघ, तुझ्या पोटातलं पाणी लेकरं पेणार हायेत," तो म्हणायचा. "एक बी कोपरा सोडला तर खुदा मला इचारल." रंग पुरता वाळेपर्यंत त्यानं दोन्ही झाकणं उघडी ठेवली. पहिलं भरलेलं पाणी त्यानं कुणालाही पिऊ दिलं नाही, सगळं कडुनिंबांना सोडून दिलं.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली. मधल्या सुट्टीत पोरं नळाला ओंजळी लावायची, एकमेकांच्या अंगावर चुळा टाकायची, आणि घंटा झाली की हनुवटी पुसत पळायची. शाळेत खिचडी शिजवणारी सिंधु रोज माझ्याच पाण्यात तांदूळ धुवायची. पातेल्यात पाणी घेण्याआधी ती थोडं ओंजळीत घेऊन त्याचा वास घ्यायची. कुणी हसलं तर म्हणायची, "हसा. लेकरं माझ्या हातचं खातेत, तुमच्या न्हाई." तिचा मुलगा आदर्श पहिलीत दाखल झाला तेव्हापासून ती वास दोनदा घ्यायला लागली.

पण अस्तर जन्माला पुरत नसतं. महेबूबच्या डोळ्यांना दिसेनासं झालं, त्याचं येणं थांबलं, आणि माझ्याकडे बघायला कुणी वर चढेना. आतून मला गंजाचे फोड आले. नळातून तांबडं पाणी यायला लागलं तेव्हा कुठे हेडमास्तरांना जाग आली. त्यांनी ठेकेदार बोलावला. त्याचं नाव धोंडप्पा.

हा धोंडप्पा कारखान्यांच्या सांडपाण्याच्या टाक्यांना अस्तर लावत असे. त्या टाक्यांना आतून काळा डांबरी रंग लागतो. तो रंग वाईट नाही, पण त्याची जागा सांडपाण्यात आहे. त्यातलं पाणी कुणी पीत नाही, म्हणूनच तो तिथे चालतो. धोंडप्पाकडे त्याचे डबे उरले होते. ते त्यानं माझ्या पोटात रिकामे केले.

गंज खरडलासुद्धा नाही! सकाळच्या गारव्यानं माझा पत्रा आतून घामेजला होता, तो पुसण्याएवढाही धीर त्याला नव्हता. शनिवारी नव्यानं रंगवलेल्या टाकीचं, म्हणजे माझं, उद्घाटन ठरलं होतं आणि पाहुणे सांगून झाले होते. त्याची माणसं खोकत बाहेर आली. त्यातला एक म्हणाला, "मालक, डोकं गरगरून राहिलं. वास लई उग्र हाय." धोंडप्पा खालूनच ओरडला, "वासाचं मी बघतो. तू हात चालव!" काळ्यावर पांढऱ्या रंगाचा एक पातळ हात फिरला. झाकणातून डोकावणाऱ्याला मी आतून दुधासारखी दिसावी, एवढीच त्याची सोय.

आणि वासाचं त्यानं खरंच बघितलं. आपल्याकडे उन्हाळ्यात माठात वाळा टाकतात हे तुम्हाला माहीत आहे. धोंडप्पानं वाळ्याची चांगली मोठी जुडी आणली, दोरीला बांधली आणि मला भरताना पाण्यात सोडून दिली. हेडमास्तरांनी नळाखाली पेला धरला, हुंगला आणि म्हणाले, "वा! धोंडप्पा, अगदी लग्नघरातल्या पाण्यासारखं!"

मित्रांनो, कुणी तुमचं तोंड दाबून वर अत्तर लावलं तर कसं वाटेल? मला तसं वाटलं. त्याच दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

पण माझी अडचण बघा. टाकीच्या हातात असतं काय? गळणं, सडणं, पाणी नासवणं. माझ्याकडचं प्रत्येक हत्यार आधी लेकरांच्या घशातून जाणार होतं. धोंडप्पा माझं पाणी पीतच नव्हता. त्याच्या जीपमध्ये बाटल्यांचं खोकं असायचं. मी कितीही तडफडले तरी त्याला ओरखडाही उठला नसता.

मी अशी विचारात असतानाच ते झालं. शनिवारपर्यंत पोरांना नळ बंद ठेवला होता, पण धोंडप्पाची माणसं तो उघडाच टाकून जेवायला गेली होती. वाळ्याच्या वासानं आदर्श नळाशी आला आणि पोट भरून प्याला. दुपारी वर्गात त्याला उलटी झाली. मग दुसरी झाली, मग तिसरी. सिंधुनं त्याला कडेवर घेऊन फाटकाकडे धाव घेतली तेव्हा त्याचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. एवढ्या मोठ्या पोराला कडेवर घेऊन पळणारी आई मी पहिल्यांदाच पाहिली. मला पाय नाहीत. असते तर मी खांब सोडून तिच्यामागे गेले असते.

सलाईन लागलं, पोर वाचलं. सिंधु परत आली ती थेट नळापाशी. ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला, मग ओंजळ उन्हात तिरपी केली. पाण्यावर तेलकट रंगांचं एक कडं फिरत होतं.

"सर, पाण्यात काही तरी हाय," ती हेडमास्तरांना म्हणाली.

"सिंधुताई, एप्रिल आहे. ऊन लागलं असेल पोराला."

"ऊन लागलं तर उलटीला डांबराचा वास येतो का, सर?"

हेडमास्तरांनी कपाळ चोळलं. "आता कार्यक्रमाच्या तोंडावर वाद नको. शनिवारी खिचडी नव्या रंगाच्या टाकीच्या पाण्यातच करायची, पाहुण्यांसमोर. तसं ठरलंय."

शनिवार आला. माझ्या खाली मंडप पडला. पताका लागल्या, तालुक्याचे पाहुणे आले, आया पदर सावरत मागे उभ्या राहिल्या. पोरं ताटल्या घेऊन रांगेनं बसली. आदर्शही होता, ओठ सुकलेले, पण ताटली हातात घट्ट. मंडपाच्या कडेला चुलीवर माझ्या पाण्याचं पातेलं तापत होतं, आणि सिंधु तांदळाची परात मांडीवर घेऊन बसली होती. ते तांदूळ पातेल्यात पडले की तासाभरात सगळ्या शाळेच्या पोटात माझं विष जाणार होतं.

"टाका की तांदूळ," हेडमास्तर खूण करत म्हणाले.

सिंधु उठली. तिनं पेलाभर पाणी नळाचं घेतलं आणि धोंडप्पासमोर धरलं. तो पांढऱ्या शुभ्र सफारीत पाहुण्यांच्या शेजारी बसला होता.

"मालक, पहिला पेला तुमचा. तुम्ही प्या, मग मी तांदूळ टाकते."

धोंडप्पानं पेला घेतला, हुंगला, मान डोलावली आणि खाली ठेवला. "काय सुरेख वास! पण ताई, माझा आज शनिवार हाय. निर्जळी असते माझी."

"निर्जळी?" सिंधु म्हणाली. "आन मघाशी मंडपात बसून भजी हाणली, ती शुक्रवारची व्हती का?"

आयांमध्ये हसू फुटलं. उजमा नावाची एक आई तान्हं पोर खांद्यावर टाकून पुढे आली. तिची मोठी मुलगी रांगेत बसली होती. "हाव, प्या की वो भाईजान! निर्जळी तुमची, आन पेणार आमची पोरं का?"

"हेडमास्तर, हे काय चाललंय?" धोंडप्पा चिडून उठला. "पाहुण्यांसमोर आमचा अपमान? अहो, टाकी बघा, दुधासारखी हाय आतून! मोटर चालू ठेवा रे. टाकी वाहू द्या. वाहत्या टाकीचा फोटो लागतो मला."

हीच त्याची चूक. टाकीचं काम झालं की ती काठोकाठ भरून वाहू घालायची आणि तिच्याखाली उभं राहून फोटो काढायचा, ही ठेकेदारांची रीत आहे. माझ्या वाहत्या पाण्याची नळी मंडपाच्या तोंडाशीच उघडते. धोंडप्पा रुबाबात तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला, म्हणजे फोटोत पाण्याची धार आणि तो, दोन्ही यावेत.

आता माझी पाळी होती. डोक्यावर एप्रिलचं ऊन तळपत होतं. माझा पत्रा तापून फुगत होता, आणि ओल्या गंजावर फासलेला तो रंग आतून सुटत होता. सकाळपासून त्याला फोड येत होते. मी फार काही केलं नाही, मित्रांनो. मी फक्त धरून ठेवणं सोडलं.

आधी स्वच्छ धार पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग करपलेल्या भाकरीच्या पोपड्यासारखा एक काळा पापुद्रा धारेतून आला आणि धोंडप्पाच्या खांद्यावर चिकटला. त्यानं तो झटकला. दुसरा डोक्यावर पडला. मग माझ्या पोटातून पापुद्र्यांचा लोंढाच सुटला, काळं, तांबडं, चिकट पाणी, त्याच्या सफारीवर, त्याच्या कलप लावलेल्या केसांवर, उघड्या तोंडावर. डांबराचा तो उग्र वास मंडपभर पसरला. वाळा त्याला कुठवर झाकणार?

"थू! थू! बाटली आणा, बाटली!" धोंडप्पा ओरडायला लागला.

"का वो? सुरेख वास हाय की!" उजमा म्हणाली.

सिंधु मात्र हसली नाही. तिनं दोन्ही हातांनी पातेल्याचे कान धरले आणि उकळतं पाणी लांब नालीत ओतून दिलं. कान पदरानं धरायचंही तिला भान नव्हतं. तळवे भाजले. मग ती तशीच मुलांच्या रांगेपाशी गेली आणि आदर्शच्या हातातली ताटली काढून घेतली. पोरगं रडायला लागलं, "आई, भूक लागली." तेव्हा ती तिथेच, सगळ्या पाहुण्यांसमोर, त्याला पोटाशी धरून बसली.

ते रडणं ऐकून माझा राग कमी झाला असेल असं तुम्हाला वाटेल. उलट तो वाढला.

आया धोंडप्पाच्या जीपसमोर वाट अडवून बसल्या. पाहुण्यांनी चपला शोधल्या. हेडमास्तरांचा चेहरा पडला होता. ते धोंडप्पाला एवढंच म्हणाले, "आता हे सगळं खरडून निघाल्याशिवाय तुम्हाला जाता येणार नाही." धोंडप्पाच्या माणसांनी आत उतरायला साफ नकार दिला. "मागच्या बारीला डोकं फिरलं व्हतं, मालक. आता तुमी जावा."

माझं सगळं पाणी नालीत सोडून दिलं, आणि धोंडप्पा माझ्या पोटात उतरला.

पोरांनो, टाकीत कधीही उतरू नका. खेळतानासुद्धा नाही. आत कोंडलेली हवा माणसाला हाक मारायचाही वेळ देत नाही. धोंडप्पाच्या कमरेला दोर होता, तोंडाला नुसतं फडकं नव्हे, त्याच्याच जीपमधून काढलेला धंद्यातला खरा मुखवटा होता, दोन्ही झाकणं उघडी होती आणि वरून पंखा सोडलेला होता. हे सगळं सिंधुनं करवून घेतलं. दोराचं टोक तिनं भाजलेल्या हातांना ओलं फडकं गुंडाळून धरलं. झाकणं पडू नयेत म्हणून उजमानं तान्हं दुसऱ्या आईकडे देऊन ती कठड्याला आवळून बांधली. बांधली नसती तर मी ती पाडली असती. खोटं कशाला बोलू?

मी त्याला ऊन दिलं. सगळ्या पत्र्यांनी खेचून घेतलं तेवढं ऊन मी त्याच्या पाठीवर ओतलं. तारेचा ब्रश घेऊन तो खरडत होता आणि त्याचंच डांबर त्याच्या नखांत, भुवयांत, घामात मिसळत होतं. एकेक पापुद्रा मी मुद्दाम चिकटून धरला. जे पाण्यात आपसूक सुटलं होतं, ते त्याच्या हाताला सुटेना. मला फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं तो झाकणाशी आला आणि मुखवटा काढून धापा टाकू लागला. सिंधुनं आपल्या घरून आणलेल्या कळशीतलं पाणी त्याला दिलं. मला तिचा राग आला. तो घटाघट प्याला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, अजून किती?"

सिंधुनं आत डोकावून पाहिलं. "माझ्या लेकराच्या वाटणीचं झालं, मालक," ती म्हणाली. "आता बाकीच्यांच्या लेकरांचं ऱ्हायलंय."

तो पुन्हा खाली उतरला.

पुढे नांदेडहून जाणती माणसं आली. त्यांनी मला वाळूनं घासलं, कोरडं केलं आणि पिण्याच्या पाण्याचा रंग दिला. पोरं आज माझं पाणी पितात. सिंधु अजून वास घेते. धोंडप्पाला तिनं माफ केलं असेल, ती माणूस आहे. मी लोखंड आहे.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. तुमच्या शाळेच्या टाकीवर नवा रंग दिसला की तो आतून कसला आहे, हे मोठ्यांना विचारायला लावा. ती वेळच्या वेळी उघडून बघायला लावा, खरडायला लावा. आम्हाला दुखलं तरी चालेल, पण आम्हाला झाकू नका. आणि कुणी वरून रंग फासून निघून जाणारा भेटलाच, तर त्याला माझा निरोप द्या. ऊन रोज पडतं, आणि मी इथेच उभी आहे.