सारोळ्याच्या पाहुण्यांना पाजलेला चिनी चहा

सोयरीक मोडायला काहीतरी मोठं कारण लागतं, असं बाहेरच्यांना वाटतं. मी वेल्ह्यापासून पार सारोळ्यापर्यंत लग्नं जुळवत हिंडलो. मला विचाराल तर सोयरीक जुळायच्या आधीपासूनच मोडायला टपलेली असते. कुणाची जमिनीवरून मोडते, कुणाची मामाच्या तोंडामुळं. विंझरच्या सावळारामाच्या चंद्रीची मात्र चहावरून मोडली, आणि तोही चिनी चहा.

सावळाराम तरुणपणी मुंबईला गेला आणि एका पारशाच्या चहाच्या वखारीत चिकटला. चीनहून पेट्या यायच्या. त्या फोडायच्या, पत्ती चाळायची, आणि चव बघणाऱ्या साहेबापुढं वाट्या मांडायच्या. साहेब घोट तोंडात घोळवून थुंकून टाकायचा. सावळाराम उरलेला गिळू लागला आणि तिथंच बिघडला. पुढं चीनवर जपान्यांची फौज चालून गेली, माल येईना, पारशानं वखार मिटवली आणि निरोप देताना याला विचारलं, तुला काय पाहिजे. दुसऱ्या कुणीही लेकीच्या लग्नाला भांडी मागितली असती. हा पत्तीचे चार डबे छातीशी धरून गावात उतरला.

त्या दिवसापासून गावाची पोटं याच्या ताब्यात. कुणी भेटला की विचारायचा, जेवण पचतं का, झोप लागते का, वास कसला आवडतो. मग त्या माणसाचा डबा ठरायचा. उन्हातनं आलेल्याला हिरवी पत्ती, तीही उकळून जरा निवालेल्या पाण्यात. झोप न येणाऱ्यानं दिवस कलल्यावर तिला शिवायचं नाही. चहाचा वासच ज्याला सोसत नाही त्याला फुलांत मुरवलेली. मटणाचं जेवण अंगावर येतं त्याला जुनी काळी, ओल्या मातीच्या वासाची. चौथ्या डब्यात धुरावर वाळवलेली पत्ती होती. ती त्यानं डोंगरातल्या ज्ञानोबा धनगराला पाजली. का, तर याचा जन्म शेकोटीपाशी गेला, याला पटेल.

ज्ञानोबानं घोट घेतला आणि म्हणाला, "धूर आमच्या खोपटात रग्गड हाय. दूध असंल तर घाल."

सगळे हेच म्हणायचे. दूध घाल, गूळ घाल, आणि चांगला उकळ. सावळाराम दर वेळी नवा माणूस धरायचा आणि दर वेळी कुणी देवाला शिवी घातल्यासारखं तोंड करून परतायचा.

एवढ्यावर राहिलं असतं तर माझं काही गेलं नसतं. पण त्याची चंद्री उजवायची होती आणि आधीच दोन ठिकाणं परत गेली होती. मी सारोळ्याचा चिमाजी गाठला. नीरेकाठचं रान, मुलगा कामाला वाघ. घरात चालतं ते चिमाजीच्या थोरल्या विधवा बहिणीचं, साळूबाईचं. ती हसली की घर हसतं. तिला मी पावसाळाभर गोड बोलून वळवत आणली होती. चंद्रीनं मुलाला नसरापूरच्या बाजारात लांबून बघितलं होतं आणि घरी येऊन काही बोलली नव्हती. नाव ठेवलं नाही म्हणजे होकार, असं मी धरलं.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी सावळारामाला बजावलं. "म्हशीचं दूध, गूळ, आलं. कड येऊ दे. पाव्हण्याच्या मिशीला साय लागली पायजे."

"व्हय," तो म्हणाला.

त्याची बायको सगुणाबाई आतनं म्हणाली, "भावजी, त्येंच्या व्हयवर जाऊ नगा. लगीन झाल्यापास्नं ऐकतीया म्या ते व्हय."

ती बाई तेव्हा मला कटकटी वाटली.

दुसऱ्या दिवशी चिमाजी आणि साळूबाई बैलगाडीनं आले. घोंगड्यावर बसले, पाणी झालं. एरवी इथं मुलाकडच्यांनी विचारायचं आणि मुलीकडच्यांनी मान खाली घालून सांगायचं. पण चिमाजी तोंड उघडतो तेवढ्यात सावळाराम साळूबाईपुढं सरकून बसला.

"आक्का, जेवल्यावर पोटात गुबारा धरतो का?"

साळूबाईनं पदर सावरला आणि माझ्याकडं बघितलं. मी दाराकडं बघितलं.

"न्हाई, लाजू नगा. ढेकर कसला येतो, आंबट का नुसताच?"

"येतो कसलातरी," साळूबाई म्हणाली. "तुमाला कशापायी?"

"आणि पाव्हणं, तुमची झोप?"

चिमाजी म्हणाला, "म्हादू, आमी पोरगी बघाया आलोय का नाडी दावाया?"

मी हसण्यावारी नेलं. मुंबईत राहिलेला माणूस, जिवाला जपतो, असं काहीबाही बोललो. तोवर सावळाराम आत जाऊन दोन डबे उघडून मोकळा झाला होता. चंद्री नववारी सावरत कपबशा घेऊन आली. पोरगी देखणी, चाल नीट, नजर खाली. पण पाहुण्यांची नजर तिच्याकडं गेलीच नाही. ती कपात अडकली. साळूबाईच्या कपात काळंभोर पाणी, चिमाजीच्या कपात फिकट पिवळं, त्यावर फुलांचा वास.

आमच्या भागात दूध नसलेला चहा मिळतो तो मयताच्या घरी. सांत्वनाला जावं, कोरा चहा घ्यावा, न बोलता उठावं. आणि इथं तर परड्यात दुभती म्हैस बांधलेली, पाहुण्यांनी येतायेताच बघितलेली.

साळूबाईनं आवाज उतरवून विचारलं, "घरात कुणाचं काय झालंया का? आमाला सांगायचं व्हतं. मागनं आलो असतो."

"छ्या, छ्या," मी म्हणालो.

"ह्यात दूध घालत न्हाईत, आक्का," सावळाराम म्हणाला. "तुमच्या पोटासाठनं निवडलाय. घोट घेऊन बघा."

साळूबाई मानी बाई. पुढं आलेलं टाकायचं नाही म्हणून तिनं तो चहा औषधासारखा संपवला. चिमाजीनं कप उचललाच नाही. तेवढ्यात सगुणाबाई दुधाचं भांडं घेऊन आतनं धावली आणि थेट चिमाजीच्या कपावर वाकली. आता सावरतं म्हणून मी श्वास सोडला.

सावळारामानं कपावर हात आडवा धरला.

"मरंल ती," तो म्हणाला. त्याला पत्तीची चव म्हणायचं होतं.

पाहुण्याच्या कपात पडणारं दूध घरधन्यानं हातानं अडवलं. चिमाजी उठला, "कळवतो" म्हणाला. सुपारी पिशवीतनं बाहेर निघालीच नाही. मी गाडीमागं वळणापर्यंत पळालो. माणूस साधा आहे, पोरीत काही खोट नाही, असं धापा टाकत सांगत राहिलो.

साळूबाई गाडीतनं म्हणाली, "पोरगी चांगलीच हाय. पर ज्या घरात दुधाला हात आडवा येतो त्या घराशी व्यवहार कसा करावा, म्हादू?"

पुढच्या आठवड्यात चिमाजीचा गडी सोनबा विंझरला आला. मी सावळारामाकडंच बसलो होतो, त्याला बोल लावत. सोनबा म्हणाला, "सोयरिकीचं ऱ्हाऊ द्या म्हनल्यात आक्का. पर त्यांना पाजली ती पत्ती वाईच द्या. त्या रातीला पोट गप व्हतं."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सावळारामाला मी परड्यात ओढत नेलं. "पत्ती देऊ नगंस. सांग, ती चंद्रीच्या हातानंच उतरती. आक्कांना प्यायला हितं बोलीव. दोन-तीन खेपा झाल्या की पोरगी आपसूक त्यांच्या डोळ्यांत भरंल. सोयरीक परत हातात येती का न्हाई बघ."

सावळारामानं विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या पडल्या. मग तो पुढच्या अंगणात गेला आणि सोनबाला म्हणाला, "लई सोपी हाय. पयलं पानी वतून टाकायचं, दुसरं ठेवायचं. जेवल्यावर घ्यायची. कुनीबी करील." आणि काळ्या पत्तीचा अख्खा डबाच त्याच्या हातात दिला.

सोनबा डबा काखेत मारून निघाला. मी खाली बसलो. पावसाळाभराचं माझं बोलणं त्याच्या काखेतनं नसरापूरच्या वाटेला लागलं होतं.

"अरं, खोटं कशापायी सांगायचं?" सावळाराम माझ्याजवळ येऊन समजुतीनं म्हणाला. "म्हातारीचं पोट दुखतंय."

चंद्री दारात उभी होती. किती वेळ, ते कळलं नाही. "आबा," ती म्हणाली, "साऱ्या मुलखाची पोटं इचारलीत तुमी. मला काय पायजे ते कुनी इचारलं?" मग माझ्याकडंही एकदा बघितलं आणि चरवी घेऊन म्हशीकडं गेली.

सावळारामानं ती गेली तिकडं बघितलं.

"हिला हिरवी द्याया पायजे," तो म्हणाला. "लई तापलीया."

मी उठलो, पायात वहाणा घातल्या आणि दुसरं ठिकाण बघायला वेल्ह्याचा रस्ता धरला.