जहाजाचा धूर

“अबे, भोक डाव्या अंगाले पडलं होतं! मंग पानी उजव्या अंगानं काऊन शिरून राह्यलं?”

खामगावच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये, दुपारच्या खेळाला, इंद्रभान बाकावर उभा राहून ओरडला. पडद्यावर विलायती लढाऊ जहाज होतं. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील.

इंद्रभान आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात बॉयलरमध्ये कोळसा टाकायचा. दुसऱ्या महायुद्धात आगबोटीवर हेच काम केलं, म्हणायचा. पुरावा? कागद बोटीबरोबर बुडाले. आता तालुक्यात थापांचा मक्ता माझा. माझ्या आज्यानं पूर्णेतली मगर गाडीला जुंपली होती, हे लोक वीस वर्षं ऐकत होते. दुसरा थापाड्या मला कसा खपावा? हिंमतराव मुकादमासमोर मीच पैज लावली होती: सिनेमात तीन चुका दाखव, नाहीतर समुद्राचं नाव जन्मात काढायचं नाही.

“एक झाली,” मुकादम म्हणाला.

“दुसरी घ्या. निशान मांगं फडकून राह्यलं, अन् धूर समोर चालला. एका जहाजावर दोन वारे?”

जन्मभर धुराडं पाहणारी आमची माणसं. पटलं. शिट्ट्या वाजल्या.

मग जहाज बुडू लागलं. खलाशी होड्यांत उतरले. शेवटी कप्तानही उतरला. रिकाम्या जहाजातून धूर मात्र भकाभका निघतच होता. मला राहवेना. खरं सांगतो, तो जिंकावा असंच वाटू लागलं होतं.

“इंद्रभान, घे तिसरी! सारे उतरले, तरी धूर! हो म्हन फक्त!”

टॉकीज हसली. इंद्रभाननं टोपी काढली नि खाली बसला.

“हे चूक नाई बे.”

“काऊन?”

“खाली कोळसा टाकनाऱ्याले वरची हाक ऐकू येत नाई. माहा जोडीदार खालीच होता.”

मुकादम घुटमळला. “मंग दोनच झाल्या, भाऊ.”

“हाव. हारलो.”

समुद्राचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. पुरावाही कुणी मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा झाला. सगळे फाटकाबाहेर पडले. इंद्रभान रोजच्यासारखा बॉयलरखोलीच्या दारात वाकून हाका मारत होता, “कोनी हाय का आत?” या हाकेची नक्कल करून मी आजवर कितीदा लोकांना हसवलं होतं.

धुराड्याचा धूर विरेपर्यंत मी फाटकाशी उभा राहिलो.