हौसाच्या खोलीचं गाऱ्हाणं

हौसा आठवडाभर रोज सकाळी खोली बघून यायची आणि दिवेलागणीला पुन्हा एस.टी. स्टँडवरच्या आपल्या बाकड्यावर येऊन आडवी व्हायची.

नऊ वर्षांचं ते बाकडं. नवरा आंब्याच्या बागेत राखणदार होता. तो गेला तशी बागेतली खोपीही गेली. खोपी राखणदाराची, त्याच्या बायकोची नव्हे. आता गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळपठारावर, बेघर माणसांसाठी नवी इमारत उभी राहिली होती, भाडं निराधार पेन्शनीतून झेपेल एवढंच. चार नंबरची खोली हौसाच्या नावावर निघाली. आठ दिवसांत राहायला आलं नाही, तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. आज आठवा दिवस.

इमारत चालवणाऱ्या संस्थेची मनस्विनी दुपारीच खोलीत येऊन बसली होती. सोलापूरकडची पोर, इमारतीतल्या सगळ्यांची औषधं, रेशनकार्डं, दवाखाने तीच बघायची.

"मावशी, पंखा चालत नाही का?"

"चालतो."

"शेजार वाईट आहे?"

"शेजार कसला? समदी दारं लावून बसतात."

"मग अडलंय कुठं?"

हौसा पदराचं टोक पिळत राहिली. "गाऱ्हानं घालायचं ऱ्हायलंय."

नव्या जागेत राहायचं तर आधी नारळ ठेवून देवाला, मागच्या माणसांना हाक घालायची, राखण मागायची. खोपीत शिरताना नवऱ्याने घातलं होतं. त्याच्या दर वाक्याला आठ-दहा गडी 'व्हय म्हाराजा' म्हणून असे ओरडले होते, की कलमांवरचे कावळे उडाले. तो होकार आल्याशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

"मी म्हणते की 'होय'," मनस्विनी म्हणाली.

"तुझी सही चालते गो सगळीकडं. हितं आपलं मानूस लागतं."

मनस्विनीने फाईल मिटली.

"तुझ्या खोलीत कोनी घातलं?" हौसाने विचारलं.

"माझ्या? कोणी नाही. बॅग ठेवली आणि झोपले. वर्ष होईल आता."

"एकलीच?"

"एकटीच."

हौसा तिच्याकडे बघत राहिली. मग बोचक्यातून नारळ काढून तिने भिंतीशी ठेवला. आठवडाभर तोही तिच्याबरोबर ये-जा करत होता.

"गावदेवा म्हाराजा, आज तुझी हौसा चार नंबरात राहायला आलीय…"

ती थांबली. खोलीत नुसता पंखा फिरत होता.

"होय महाराज," मनस्विनी पुटपुटली.

"म्हाराज न्हवं, म्हाराजा! आनि जोरात. देव काय कागद वाचतोय?"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाणं पुढे सरकलं. नवऱ्याचं नाव आलं, खोपीचं आलं, बाकड्याचंसुद्धा आलं. दर वेळी पोर ओरडली. कुणाचंही दार उघडलं नाही.

शेवटी हौसाने नारळ फोडला, आणि दोन कवडींपैकी एक घेऊन मनस्विनी निघाली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून उतरून रस्त्यावर विरला. हौसाने दाराला कडी घातली. नऊ वर्षांत कडीला हात लागला नव्हता. तिने ती काढली, पुन्हा घातली.

मग उरलेल्या कवडीसमोर ती परत बसली.

"म्हाराजा, त्या सोलापूरच्या पोरीच्या खोलीत कोनी गाऱ्हानं घातलेलं नाय. तिची बी राखन कर."

ती थांबली. भिंती नव्या होत्या, बोलत नव्हत्या.

"व्हय म्हाराजा," हौसा स्वतःच म्हणाली, आणि तिने बोचक्याची गाठ सोडली.