ठिपके थांबवणारी कांडी

मित्रांनो, आधीच सांगते, मी जुनी विजेची कांडी असले तरी कोणाला शॉक देत नाही. माझी उंची पेन्सिलीएवढी. पुढे मोहरीएवढी दोन गोल टोके आणि मागे लांब वायर. दिसायला मी अगदीच साधी आहे. पण माझे काम ऐकलेत तर तुम्हीच दचकाल. मी जाग्या माणसाच्या मेंदूला टेकते.

पळू नका, पुढे ऐका. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही. दुखते ते डोक्याच्या कातडीला, आणि तिथे भूल दिलेली असते. म्हणून काही शस्त्रक्रियांमध्ये माणसाला मधेच जागे करतात आणि त्याच्याशी गप्पा मारतात. तेवढ्यात मी मेंदूवर एकेका जागी टेकून अगदी थोडी वीज सोडते. ती जागा तेवढ्यापुरती गोंधळते. बोलण्याच्या जागी टेकले, तर माणूस बोलता बोलता अडतो. मी बाजूला झाले की तो पुन्हा सुरू. मग डॉक्टरांना कळते की ही जागा कामाची आहे, इथे हत्यार न्यायचे नाही. तिथे खूण म्हणून कागदाचा एक बारीक तुकडा ठेवतात. जिथे काहीच बिघडत नाही, तिथे तुकडा नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. एका कारागीर बाईंनी भिंगाखाली माझी टोके जोडली आणि ती मनासारखी बसेनात म्हणून तोडून पुन्हा जोडली. तेव्हा मला त्यांचा भारी राग आला होता. पुढे मी एका रुग्णालयात आले. प्रत्येक कामानंतर मला वाफेच्या भट्टीत घालत. तो उकाडा कोणाच्या वाट्याला येऊ नये. पण सर्जनबाई हातमोजे घालून आल्या की पहिला प्रश्न विचारायच्या, "माझी कांडी कुठंय?" तेवढ्याने माझे नाक दिवसभर वर राहायचे.

आता त्या दिवसाचे सांगते. तो आठवला की आजही माझा जीव टांगणीला लागतो.

टेबलावर बॅडमिंटनच्या लाइन पंच होत्या. कोर्टाच्या कडेला खुर्चीवर बसून फूल, म्हणजे शटल, रेषेच्या आत पडले की बाहेर, ते सांगणाऱ्या. त्यांच्या मेंदूत उजव्या बाजूला, कानाच्या वर आणि जरा मागे, एक गाठ झाली होती. गाठीच्या शेजारीच मेंदूची ती जागा होती जिथे आपल्याला हालचाल दिसते.

हो, हालचाल दिसायला वेगळी जागा असते. डोळे नुसते समोरचे टिपून पाठवतात. चेंडू लाल आहे हे एकीकडे कळते, तो गोल आहे हे दुसरीकडे, आणि तो आपल्याकडे येतो आहे हे तिसरीकडे. ती तिसरी जागा बिघडली, तर चेंडू दिसेल, पण येताना दिसणार नाही. आधी लांब दिसेल आणि मग एकदम नाकावर. मेंदूची उजवी बाजू डावीकडचे बघते, म्हणून पंचबाईंची ती उजवीकडची जागा गेली असती, तर डावीकडून येणारी गाडी चालते आहे की उभी आहे, हे त्यांना कळले नसते. खुर्ची तर गेलीच असती, पण रस्ता ओलांडणेही अवघड झाले असते.

त्यांच्यासमोर एक स्क्रीन होता. मधोमध एक खूण, तिच्यावर नजर ठेवायची. डाव्या अर्ध्या भागात पांढरे ठिपके वर किंवा खाली सरकायचे. स्क्रीनजवळ चाचणी घेणाऱ्या ताई बसल्या होत्या.

"तीनच उत्तरं," ताई म्हणाल्या. "वर, खाली, नाहीतर दिसलं नाही."

"तिसरं लागायचं नाही," पंचबाई म्हणाल्या. "आमच्याकडं दिसलं नाही तर दोन्ही हातांनी डोळे झाकायची खूण असते. मी ती कधी केली नाही."

"आणि खेळाडू मधे आला तर?"

"आला तर आला. फूल कसं येत होतं ते तर आधी बघितलेलं असतं ना. त्यावरून कुठं पडणार ते कळतं. लेक म्हणते, आई, तू घरातसुद्धा भांडण संपायच्या आत निकाल देतेस."

सगळे हसले. मीही हसले, म्हणजे हसता आले असते तर हसले असते.

काम सुरू झाले. मी टेकले. "खाली." बरोबर. मी सरकले, पुन्हा टेकले. "वर." बरोबर. मग मी गाठीच्या मागच्या कडेला पोचले. ठिपके वर निघाले, मी टेकले, वीज सोडली.

"वर!" पंचबाई म्हणाल्या.

उत्तर बरोबर होते. ताईंनी मान हलवली, सर्जनबाईंनी मला उचलले. पण मला मात्र चैन पडेना. आतापर्यंतची सगळी उत्तरे बोलण्याच्या आवाजात आली होती. हे उत्तर कोर्टाच्या पलीकडे ऐकू जावे इतके मोठे होते. त्या जागेवर पुन्हा टेकवतील, असे मला वाटले. नेहमी टेकवत असत. पण तेवढ्यात पंचबाईंना खोकल्याची उबळ आली. सगळ्यांचे लक्ष तिकडे गेले, खोकला थांबल्यावर सर्जनबाई पुढच्या जागेवर गेल्या, आणि ती जागा एकाच उत्तरावर सुटली. तिथे कागदाचा तुकडा पडला नाही.

थोड्या वेळाने मला ट्रेमध्ये ठेवले. सर्जनबाईंनी गाठ काढण्याची नळी हातात घेतली. नळी गाठीच्या पुढच्या कडेला शिरली आणि हळूहळू मागे येऊ लागली, त्या तुकडा नसलेल्या जागेच्या दिशेने. मी ट्रेमधून बघत होते. आमच्यासारख्यांना तोंड नाही याचे दुःख मला एरवी होत नाही. त्या दिवशी झाले.

ताई ठिपके दाखवतच होत्या. पंचबाई वर-खाली सांगत होत्या. मग त्या गप्प झाल्या.

"दमलात का?" ताईंनी विचारले.

नळी सरकतच होती. सिस्टर मॉनिटरकडे बघायला लागल्या. पंचबाईंच्या छातीचे ठोके वाढले होते.

"बाई, बोला काहीतरी," सर्जनबाई हात न थांबवता म्हणाल्या. "बोललात की मला बरं असतं."

"थांबा," पंचबाई म्हणाल्या.

नळी थांबली.

"दुखतंय?"

"नाही. मघाचा एक निकाल मागं घ्यायचाय." त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की ताई खाली वाकल्या. "खोकल्याच्या आधीचा. ठिपके वर निघालेले बघितले मी. मग ते होते, पण चालत नव्हते. निघाले होते त्यावरून सांगितलं. सवयच लागलीय हो."

सर्जनबाईंनी नळी बाहेर काढली आणि हात पुढे केला.

"कांडी."

माझे अंग भट्टीत तापते तसे तापले. मी त्या जागी टेकले. या वेळी ताईंनी मी टेकल्यानंतरच ठिपके सोडले.

पंचबाईंनी तोंड उघडले, मिटले. त्यांचा उजवा हात चादरीखालून निघाला आणि डोळ्यांवर गेला.

"दिसलं नाही," त्या म्हणाल्या.

सर्जनबाईंनी मला वीज न सोडता नुसतेच टेकवले. "खाली," उत्तर आले, आणि ते बरोबर होते. पुन्हा वीज. "दिसलं नाही." पुन्हा एकदा. "दिसलं नाही. ठिपके आहेत, पण रांगोळीसारखे नुसते पडलेत." मग तिथे कागदाचा तुकडा ठेवला गेला. नळी जिथे थांबली होती, ती जागा त्याच्यापासून तांदळाच्या दाण्याएवढीच लांब होती.

"ऐका," सर्जनबाई म्हणाल्या. "इथं गाठ आणि ही जागा एकमेकांत शिरलीत. गाठीचा तेवढा तुकडा ठेवला तर पुढं औषधं आणि तपासण्या चालू राहतील. काढला तर गाठ जाईल, पण डावीकडची हालचाल दिसणंही जाईल. हे आपण आधी बोललोय. तरी पुन्हा विचारते."

निकालाला एवढा वेळ पंचबाईंनी आयुष्यात कधी लावला नसेल.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

डोके बंद करण्याआधी सिस्टर त्यांच्या डावीकडे गेल्या आणि सावकाश हात हलवू लागल्या. पंचबाई टक लावून समोरच बघत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होते.

"हलतोय हात," त्या म्हणाल्या. "खूप छान हलतोय."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत एक रीत पडली. चाचणीच्या आधी प्रत्येकाकडून "दिसलं नाही" हे मोठ्याने म्हणवून घ्यायचे, तोंडाची सवय होईपर्यंत. मोठी मोठी माणसे अडखळतात, मित्रांनो. एका प्राचार्यांना तर ते जमतच नव्हते.

पुढे माझे दिवस फिरले. कोणीतरी घाईत माझी वायर करकचून गुंडाळली आणि आतली तार तुटली. नवी कांडी आली, गोरीगोमटी, दिवा लागणारी. मी ड्रॉवरमध्ये गेले. धुळीत पडून राहणे काय असते ते तिथे कळले. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? आता ताई शिकाऊ डॉक्टरांना शिकवताना मला बाहेर काढतात आणि त्या दिवसाची गोष्ट सांगतात. म्हणून म्हणते, वायरी हळू गुंडाळा. कामाच्या वस्तू ड्रॉवरमध्ये कोंबू नका.

आणि आणखी एक मागणे. वर्गात कोणी उभे राहून "मला दिसलं नाही", "मला कळलं नाही" असे म्हणाले, तर त्याला हसू नका. हसलात, तर पुढच्या वेळी तो अंदाजाने उत्तर देईल, ते बरोबरही येईल, आणि कोणालाच काही कळणार नाही.

परवा एका शिकाऊ डॉक्टरने ताईंना विचारले, "त्या बाई अजून येतात का?"

"येतात की," ताई म्हणाल्या. "तपासणीला. गाठीचा राहिलेला तुकडा अजून तेवढाच आहे. मोठा रस्ता ओलांडून एकट्या येतात."