बादलीतल्या गाठी

सासूबाईंनी कात्री चालवली आणि आणखी एक गाठ बादलीत पडली.

ट्रेमधली सगळी रोपं माना टाकून बसली होती. जमिनीत वाढणारी ऑर्किडं ही. धुळीसारख्या बारीक बियांपासून, बाटलीत, पोषक जेलीवर, अंधारात सुनेनं ती वाढवली आणि मग मातीत आणली. बी ज्या टेकडीवरचं, तिथे आता घरं उठली होती. म्हणजे उरलं ते एवढंच. परगावी निघताना सून म्हणाली होती, "आई, नुसती नजर ठेवा. हात लावू नका."

हात लावू नका! जिनं खोचलेल्या वाळक्या काठीलासुद्धा पालवी फुटते, तिला हे सांगायचं!

नजर ठेवली, तर पानं पिवळी होत गेली. पाणी घालावं की तोडावं, ऊन द्यावं की सावली, काही सुधरेना. शेवटी सासूबाईंनी एक रोप उपटलंच. खाली सुरकुतलेला कंद, आणि त्याला चिकटून एक टणक, फुगलेली गाठ. वांग्याच्या मुळांना अशाच गाठी धरतात, अख्खं रोप पिऊन टाकतात. रोग सापडला. मग एकेका रोपाची गाठ छाटून बिचारा सुरकुतलेला कंद त्यांनी परत मातीत लावला.

"आई?" सून दारात उभी होती, खांद्यावर बॅग तशीच.

"ये. मी होते म्हणून वाचली तुझी बाळं. नाहीतर रडायलाच आली असतीस."

सून बादलीपाशी खाली बसली. एक गाठ उचलून तिनं अंगठ्यानं माती पुसली.

"आई, ही मरत नव्हती. झोपायला निघाली होती."

"पानं गाळून कोण झोपतं?"

"ही झोपतात. पुढच्या वर्षीचं रोप ह्या गाठीत असतं."

"आणि मी लावला तो?"

"तो रिकामा झालाय. त्यानंच हिला भरवलं."

सासूबाईंनी एका हातात गाठ घेतली, दुसऱ्यात कंद. उलटंसुलटं करून पाहिलं. फुगलेलं ते चांगलं, आणि सुकलेल्यानं पोसलेलं?

"म्हणजे चोर सोडून..." पुढचं त्यांनी गिळलं. "उगवतील का गं?"

"कोंब शाबूत असला तर. कापलं कुठून?"

सासूबाईंना आठवेना. इथून, की जरा वरून?

सून नव्या ट्रेमध्ये माती भरू लागली. भांडली असती तर बरं होतं. त्याची उत्तरं तयार होती. सासूबाई तिच्या शेजारी टेकल्या, मातीत बोट खुपसलं आणि थांबल्या.

"किती खोल लावू?"

सून त्यांच्याकडे बघतच राहिली. आजवर हे विचारायचं काम तिचं होतं.

"बोटाच्या पेराइतकं," ती हळूच म्हणाली. "कोंब वर ठेवून."

सासूबाईंनी मान हलवली, आणि त्या गोल गाठीला वर कुठलं, हे बोटांनी चाचपत राहिल्या.