हनुवटीपर्यंतच्या स्कीज

डोंगरासमोर उभं राहिलं की माणसाला स्वतःची खरी उंची कळते. विनीताला ती सिंगापूरच्या तांजोंग पगारमधल्या एका स्कीच्या दुकानात, भिंतीला पाठ टेकवून उभी असताना कळली. एकशे चोपन्न सेंटिमीटर. लग्न जमवताना छप्पन्न सांगितली होती, आणि नवरा निशिकांत शेजारीच उभा होता.

"वजन?" दुकानातल्या मुलीने इंग्रजीत विचारलं.

"निशी, तू जरा कॉफी घेऊन ये ना."

"मला माहितीये तुझं वजन."

"माहीत असलं तरी जा."

तो हललाही नाही. विनीताने आकडा सांगितला, तोही पुटपुटत.

गेल्या डिसेंबरात जपानच्या होक्काइदोला लाल, म्हणजे मध्यम अवघड, उताराच्या माथ्यावर तिचे पाय गोठले होते. थंडीने नाही, भीतीने. बँकेत ती दुसऱ्यांच्या जोखमी मोजायची आणि ते चुकले की सात्त्विक संतापाने मेल लिहायची. पण तिथे वरून खाली बघितलं आणि ती सरळ बसली. बसूनच खाली आली. तेरा वर्षांची लेक जाई खाली वाट बघत होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "ममी, आय वेट सो लाँग! नेक्स्ट टाइम डोन्ट कम अप, लह."

विनीताने सगळा दोष भाड्याच्या स्कीजना दिला. भाड्याची वस्तू ती भाड्याचीच, हे तिच्या माहेरचं तत्त्वज्ञान. पण पुढच्या वर्षीपासून जाई शाळेच्या ग्रुपबरोबर जाणार होती. म्हणजे हा डिसेंबर शेवटचा. लेकीच्या मागोमाग, दोन पायांवर, एक तरी उतार. एवढंच हवं होतं. आणि या विचाराने तिला आठवडाभर जेवण जात नव्हतं.

"सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालतील अशा हव्यात ना?" दुकानातली मुलगी म्हणाली. "मग स्कीची कंबर, म्हणजे मधला भाग, फार रुंद नको, जरा लवचीक हवी. आणि लांबी हनुवटीपर्यंत. सहज वळतात."

निशिकांतने मागची दुसरी जोडी उचलून बायकोशेजारी उभी केली. ती तिच्या डोक्याच्याही वर गेली.

"या घेऊ. वर्षभरात शिकशीलच. वाढत्या अंगाच्या घेतलेल्या बऱ्या."

"निशी, मी सेहेचाळीस वर्षांची आहे."

"अंग नाही गं, स्किल वाढतं. जाईचे रेनकोट आपण कसे घेतले?"

"तिला दोन वर्षं बाह्या दुमडाव्या लागल्या."

"पण टिकले ना?"

टिकले होते, हे खरं. शिवाय दुकानातल्या मुलीने विचारलं, "मॅडमची लेव्हल?" तेव्हा तो ठामपणे म्हणाला, "इंटरमीडिएट. तेही वरच्या बाजूची." नवऱ्याने चारचौघांत इतकं कौतुक बऱ्याच वर्षांनी केलं होतं. शिवाय आखूड जोडी बघून जाई हसेल, हीही धास्ती. विनीता मोठ्या स्कीज घेऊन काउंटरपर्यंत गेली.

तिथे तिने त्या पुन्हा एकदा नजरेने मोजल्या. त्या लांब स्कीज वळायच्या नाहीत, सुटायच्या. आणि आपण जाईला मागे टाकून थेट कुठल्यातरी झाडात शिरणार, हे तिला स्वच्छ दिसलं.

"ऐका," ती काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मी गेल्या वेळी बसून आले. पूर्ण उतार."

"पूर्ण?" निशिकांत म्हणाला. "तू तर म्हणालीस, शेवटचा तुकडा."

"पूर्ण."

मुलीने हनुवटीपर्यंतची जोडी काढली.

ईस्ट कोस्टच्या त्यांच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये पोहून आलेलं एक ओलं कुटुंब त्या लांबुडक्या पिशवीकडे बघत राहिलं. घरी विनीता स्कीज सोफ्याला टेकवून म्हणाली, "जाई, यावेळी मी तुझ्याबरोबर वरून येणार. पायांवर."

जाईने एका कानातला इअरफोन काढला. "नाइस कलर." मग थांबून, "बट ममी, आय टोल्ड बाबा ऑलरेडी, व्हॉट. या वर्षी नो स्की."

"अरे हो," निशिकांत म्हणाला. "ते राहिलंच सांगायचं."

जाई स्कीज सोडून एका फळीचा स्नोबोर्ड शिकणार होती. अगदी नवशिक्यांचा वर्ग, सपाटीवर, दिवसभर.