एकच प्रत

गोकुळचा फोन आला तेव्हा दीपमालाबाई गवार मोडत बसल्या होत्या. त्यानं नाव सांगायच्या आधीच त्यांनी आवाज ओळखला. सहा वर्षांपूर्वी त्यांचा नवरा राजकुमार गेला, तेव्हा हा धाकटा दीर स्मशानात सगळ्यांच्या मागं उभा राहिला होता आणि कुणाशी न बोलता कन्नडला जाणाऱ्या एसटीत जाऊन बसला होता. त्यानंतर आजच.

"वहिनी, स्टुडिओ बंद करायलोय," तो म्हणाला. "लग्नाची शूटिंग आता पोरं मोबाइलवरच करायलीत. डिस्क मागायला कुणी येत नाय. ब्लू-रेचं मशीन भंगारात द्यायच्या आधी म्हणलं, विचारावं. अपेक्षाची ती डिस्क हाय का अजून?"

"आहे."

"रविवारी मशीन घेऊन येतो. लावून बघू."

बाईंनी फोन ठेवला. गवार तशीच राहिली.

अपेक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. चौदा वर्षांपूर्वी तापानं चार दिवसांत गेली, तेव्हा तेवीस वर्षांची होती. घरात तिचे फोटो पुष्कळ होते, पण तिचा आवाज बाईंना अलीकडे आठवेनासा झाला होता. आठवायला बसलं की भलत्याच कुणाचा तरी आवाज कानात यायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीचा आवाज विसरले, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तो आवाज आता फक्त त्या डिस्कमध्ये उरला होता.

एके काळी उस्मानपुऱ्यात दोघा भावांची व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेटी, मग सीडी, मग डीव्हीडी. शनिवारी संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. बाई मागच्या खोलीत पॉलिशच्या मशीनवर असायच्या. गिऱ्हाइकांनी ओरखडून आणलेली डिस्क त्या आधी खरबरीत चकतीवर, मग मऊ चकतीवर घासायच्या, पांढरी पेस्ट लावून लख्ख करायच्या. जिचं काहीच होणार नाही ती परत देताना गिऱ्हाइकाला तसं सांगायचं कामही त्यांचंच. मेलेली सीडी वहिनीच्या हातात बोलायला लागते, असं लोक म्हणायचे. पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या सिडकोतनंसुद्धा माणसं यायची.

दोन हजार सातच्या दिवाळीत आणखी स्पष्ट चित्राच्या दोन नव्या तऱ्हा बाजारात होत्या, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. एकीच्या मशीनवर दुसरी चालत नसे, आणि दुकानात दोन्ही ठेवणं झेपणारं नव्हतं.

"एचडी डीव्हीडीच घ्यायची," राजकुमार म्हणाला. "मशीन स्वस्त, अन् जुन्या डीव्हीडीबी तिच्यावर चालतात."

"दादा, ब्लू-रेत जास्ती मावतं. सिनेमावाले तिकडंच चाललेत."

"तुला कोण सांगून गेलं? कंपनीचा साहेब आपल्या गावाला, पिशोरला, चहाला आलता व्हय?"

"बीटा कॅसेटच्या टायमालाबी तुमचंच ऐकलं. त्या बंद पडल्या, माळ्यावर खोकी पडलीत अजून."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. तेवढं निमित्त पुरलं. गोकुळ आपला वाटा घेऊन कन्नडला गेला आणि त्यानं शूटिंगचा स्टुडिओ टाकला. पुढं चार महिन्यांतच जपानच्या कंपनीनं एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचं जाहीर केलं. राजकुमारनं ती बातमी वाचली, पेपरची घडी केली, बुडाखाली घेतली आणि दिवसभर तिच्यावर बसून राहिला. संध्याकाळी गोकुळचा फोन आला. "काय दादा, वाचला का पेपर?" एवढंच तो बोलला. राजकुमार त्याच्याशी परत कधी बोलला नाही. त्या फोनचं नवरा-बायकोनं पोरीलाही कधी सांगितलं नाही, इतका तो झोंबला होता. दुकान वर्षभर रखडलं आणि मिटलं.

दोन हजार दहा साली गोकुळनं पिशोरला घर बांधलं. वास्तुशांतीला राजकुमार गेला नाही, बाईंनाही जाऊ दिलं नाही. अपेक्षा मात्र हट्टानं गेली आणि येताना वडलांसाठी एक डिस्क घेऊन आली.

"अण्णा, काकांच्या कॅमेऱ्यासमोर बसून तुमच्यासाठी बोललेय. फक्त तुमच्यासाठी. एकच प्रत काढायला लावली, बाकीचं सगळं माझ्यासमोर पुसायला लावलं."

राजकुमारनं डिस्क उलटीपालटी करून पाहिली. ब्लू-रे होती.

"ह्या घरात ते मशीन येणार नाय."

"येईल तेव्हा बघा मग," ती म्हणाली. पुढच्या वर्षी ती गेली.

मशीन आलं नाही. आधी नवऱ्याचा हट्ट होता, नंतर बाईंचंच धाडस झालं नाही, आणि धाडस झालं तोवर तसलं मशीन कुणाकडं मागावं हेच कळेनासं झालं.

शनिवारी दुपारी त्यांनी कपाटातून डिस्क काढली. राजकुमारच्या स्वेटरखाली ती होती. उजेडात तिरपी धरली. कडेला रुंद अंगठ्याचे ठसे होते आणि वर बारीक गोल ओरखडे, मशीनच्या खाचेत डिस्क पुन्हा पुन्हा कोंबली की पडतात तसे. त्या धंद्यातल्या बाईला काय ते लगेच कळलं. घरात कुणी नसताना राजकुमारनं ती आपल्या जुन्या एचडी मशीनमध्ये घालून पाहिली होती. एकदा नाही, कितीदा तरी. चालणार नाही हे त्याला चांगलं माहीत होतं, तरी.

बाई पलंगावर बसून राहिल्या. मग उठल्या. उद्या भाऊजींसमोर डिस्क अडकायला नको होती. पलंगाखालचं पॉलिशचं मशीन त्यांनी ओढून काढलं, चकत्यांवरची धूळ झटकली. आधी खरबरीत, मग मऊ. पेस्ट वाळून गेली होती, तिच्यात पाण्याचे दोन थेंब टाकले. हात काही विसरला नव्हता. ओरखडे गेले, ठसे गेले. डिस्कमध्ये त्यांना स्वतःचा चेहरा दिसला आणि पुष्कळ दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

रविवारी अकराला गोकुळ आला. थकला होता, एक दात पडला होता. भावाच्या फोटोसमोर क्षणभर थांबला, मग खाली बसून वायरी जोडायला लागला. त्यानं डिस्क घातली. मशीन घरघरलं, थांबलं. पुन्हा घरघरलं. टीव्हीवर अक्षरं आली, डिस्क वाचता येत नाही. त्यानं तीनदा घातली. मग डिस्क खिडकीशी नेऊन तिरपी धरली.

"वहिनी, हिला काय केलं?"

"साफ केली काल. मशीनवर. ओरखडे होते."

"ब्लू-रेला पॉलिश करत नसतेत, वहिनी. हिच्यातलं सगळं पार वरच्या कातडीलगत असतं. ते घासून गेलं."

"मला कोण सांगणार होतं? आमच्या दुकानात ती आलीच नाही कधी."

"दादावाली एचडी असती तर टिकली असती. तिचं खोल मधोमध असतं." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली.

बाई भिंतीला टेकल्या. रडू आलं नाही.

"भाऊजी, तुमच्यासमोर बोलली ना ती? काय बोलली?"

"अंगणात बसवली होती. तोंडावर ऊन येत होतं म्हणून खुर्ची फिरवली. हेडफोन कानाला होता माझ्या..."

"मग ऐकलं असेल तुम्ही."

"आवाजाचा काटा बघत होतो मी. फाटायला नको म्हणून. वहिनी, ह्या कामात शब्दांकडं ध्यान जात नाय. चार मिनटं बोलली, एवढं ठाव हाय."

"एखादं तरी सांगा."

गोकुळनं ओठांवरून जीभ फिरवली. बाईंची नजर त्याच्यावरून हलेना.

"म्हणाली... अण्णा, झालं गेलं सोडा. काकांनी त्या दिवशी तो पेपरचा फोन करायला नव्हता पाहिजे. चुकलं त्यांचं. ते रोज तुमची आठवण काढतेत. एकदा पिशोरला या. घर बघा..."

बाईंनी त्याला मधे तोडलं नाही. त्या फोनचं अपेक्षाला ठाऊकच नव्हतं; काकांनी सांगितलं असतं तर घरी येताच तिनं विचारलंच असतं. हे बोलणं तिचं नव्हतं, भाऊजींचंच होतं, आणि ज्याला सांगायचं तो फोटोत होता.

"हसली होती का?" त्यांनी विचारलं.

त्यानं टीव्हीमागची वायर ओढून काढली. "नाय आठवत."

वायरी गुंडाळून त्यानं मशीन पिशवीत घातलं. डिस्कही उचलली. "नेऊ का ही? पुण्यात कुणी काढून देतं का बघतो."

"ठेवा तिथंच," बाई म्हणाल्या. "आता हिच्यात काही उरलं नाही, हे दुकानात गिऱ्हाइकांना मीच सांगायचे ना, भाऊजी."